पानमळा, संत्राबाग आणि दवाबाजार

१

सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून गांधीबागेत वळले की आधी कापडाच्या पेढ्या लागतात आणि मग औषधांचा ठोक बाजार. अरुंद गल्ल्या, खोक्यांनी लादलेल्या हातगाड्या, पायऱ्यांवर बसून बिले तपासणारे कारकून. विदर्भातल्या गावोगावच्या मेडिकल स्टोअर्सना येथून माल जातो. मेयो रुग्णालयही येथून जवळच. नागपूरकरांना हा भाग इतका सवयीचा आहे की त्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही.

मे २०२१ मध्ये मात्र पाहावे लागले. करोनाच्या दुसऱ्या लाटेतून वाचलेल्या रुग्णांपैकी काहींचे गाल सुजू लागले, डोळे लाल होऊ लागले, टाळूवर काळा चट्टा दिसू लागला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तोवर फारसे कोणी न ऐकलेले एक नाव आले : अ‍ॅम्फोटेरिसिन-बी. एका रुग्णाला या इंजेक्शनच्या कित्येक कुप्या लागत आणि बाजारात एक मिळणे मुश्कील. चिठ्ठी हातात घेऊन या दुकानातून त्या दुकानात फिरणारे नातेवाईक त्या दिवसांत ज्यांनी पाहिले, ते विसरू शकणार नाहीत. २० मे रोजी केंद्र सरकारने राज्यांना हा रोग १८९७ च्या साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्यात सर्वाधिक महाराष्ट्रातले होते.

वर्तमानपत्रांनी या रोगाला ‘काळी बुरशी’ म्हटले. वस्तुतः ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्तपुरवठा तोडते आणि मेलेली पेशी काळी पडते. म्युकोरेल्स गणातल्या या बुरश्या आपल्या ओळखीच्याच आहेत. शिळ्या पोळीवर, सडक्या फळावर, शेणखताच्या ढिगावर त्या रोज वाढतात. निरोगी माणसाच्या नाकात त्यांचे बीजाणू जातात आणि शरीर त्यांचा बंदोबस्त करते. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा एकत्र आला की हा बंदोबस्त ढिला पडतो.

त्या उन्हाळ्यात ‘ही बुरशी आली कुठून?’ असे सगळे विचारत होते. बुरशी कुठून आलीच नव्हती. ती इथल्या मातीत होती, आणि इथल्या मातीतल्या रोगजंतूंचा अभ्यास नागपुरात जवळजवळ शंभर वर्षे चालू होता. फक्त तो शेतीखात्याच्या दप्तरात होता. रुग्णालयाच्या दप्तराशी त्याची गाठ पडण्याचे कारण नव्हते. ही दोन दप्तरे वेगळी कशी झाली, मध्ये एकदा एकत्र कशी आली आणि आज ती पुन्हा शेजारी ठेवून का वाचली पाहिजेत, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

२

गोष्ट सुरू होते एका पारशी गृहस्थापासून. जहांगीर फरदुनजी दस्तूर यांचा जन्म १८८६ चा. बिहारमधल्या पुसा येथे सरकारने उभारलेल्या कृषी संशोधन संस्थेत ते काम करू लागले. तेथे एडविन जॉन बटलर हे कवकशास्त्राचे प्रमुख होते. भारतातल्या पिकांवरील रोगांच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया त्यांनी घातला, असे मानले जाते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या भारतीय अभ्यासकांत दस्तूर अग्रणी.

१९१३ मध्ये दस्तुरांनी एरंडीच्या रोपांवरच्या एका नव्या रोगाचा सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. रोप कोवळे असताना पानावर डाग पडतो, पाऊस लागून राहिला की डाग पसरतो आणि रोप कोसळते. कारणीभूत असलेल्या जीवाला त्यांनी नाव दिले फायटोफ्थोरा पॅरासिटिका. फायटोफ्थोरा म्हणजे ग्रीकमध्ये ‘वनस्पतींचा विनाश करणारा’. हे कुलनाम १८७६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी ठेवले होते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक काळे पडून जो दुष्काळ आला, त्याच्या मुळाशी असलेला जीव याच कुळातला. भारतात या कुळाचा इतका बारकाईने अभ्यास करणारे दस्तूर हे पहिले भारतीय.

पुढे दस्तूर मध्य प्रांत सरकारचे कवकशास्त्रज्ञ म्हणून नागपूरला आले. नागपूर तेव्हा प्रांताची राजधानी होते आणि कृषी महाविद्यालयही येथेच होते. प्रांतातल्या कापसावरचा, गव्हावरचा रोग त्यांनी पाहिला. पण माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत जिव्हाळ्याचे काम पानवेलीवरचे. सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली. तिच्या कार्यवृत्ताच्या सुरुवातीच्या अंकांत, १९३५ मध्ये, दस्तुरांचा ‘मध्य प्रांतातील पानवेलीचे रोग’ या विषयावरचा दीर्घ निबंध छापून आला.

पानवेल का, हे विदर्भातल्या माणसाला सांगावे लागत नाही. रामटेकच्या परिसरातले पानमळे आणि त्यांतले कपुरी पान प्रसिद्ध होते. बरई समाजाचा संसार त्या वेलींवर चालत असे. पानमळा म्हणजे एक झाकलेली, दमट, अंधारी खोली. वर छप्पर, चारी बाजूंनी ताटवे, आत रोजचे पाणी. वेलीला हीच हवा मानवते आणि फायटोफ्थोरालाही. या जीवाचे बीजाणू पाण्यात पोहतात. प्रत्येकाला दोन शेपट्या असतात आणि मुळातून झिरपणाऱ्या रसाच्या वासावर ते मुळापर्यंत पोहोचतात. एका वेलीचा बुंधा सडला की पाटाच्या पाण्याबरोबर रोग ओळीने पुढे जातो आणि पिढ्यांची मेहनत एका पावसाळ्यात मातीला मिळते.

अनेक ठिकाणी पानमळ्यात चप्पल काढून जाण्याची रीत आहे. तिला कारण श्रद्धेचे दिले जाते. या रिवाजामागे रोगशास्त्र होते, असा दावा मी करणार नाही. पण बाहेरच्या चिखलाबरोबर बीजाणू आत येतात हे आज माहीत असलेल्या माणसाला ती रीत शहाणपणाची वाटल्यावाचून राहत नाही.

दस्तुरांच्या काळात या रोगावर हाताशी होते ते बोर्डो मिश्रण. मोरचूद आणि चुना. फ्रान्समधल्या बोर्दो परगण्यात द्राक्षाच्या वेलींसाठी मिलार्दे यांनी १८८५ मध्ये ते पुढे आणले. त्याच्या जोडीला रोगट वेल उपटून जाळणे आणि साचलेले पाणी काढून देणे. हेच उपाय पुढची अनेक दशके सांगितले गेले. बांबूवरच्या तांबेऱ्याच्या एका कुलाला १९४३ मध्ये मुंडकूर आणि खेसवाला यांनी ‘डास्टुरेला’ असे नाव देऊन दस्तुरांची आठवण शास्त्रात कायम केली. त्यांनी स्वतः ठेवलेल्या नावाचे भाग्य मात्र निराळे निघाले. फायटोफ्थोरा पॅरासिटिका आणि १८९६ मध्ये जावा बेटावर तंबाखूवर नोंदलेला फायटोफ्थोरा निकोटियानी हे एकच, असे पुढे ठरले. आधीचे नाव ग्राह्य धरायचे हा नियम. त्यामुळे दस्तुरांचे नाव समानार्थी नावांच्या यादीत गेले.

३

नाव गेले, जीव राहिला. तो जीव आज नागपूरच्या संत्र्याच्या मुळाशी आहे.

रघुजीराजे भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादेहून संत्र्याची रोपे नागपूरला आणली, असे सांगितले जाते. दीडशे-दोनशे वर्षांत काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी हा पट्टा संत्र्याचा झाला. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

माझ्या मामांची काटोलजवळ बाग होती. लहानपणी आम्ही भावंडे झाडांच्या बुंध्यावर आलेला पिवळट डिंक काढून गोळ्या करायचो. मामा ओरडायचे नाहीत. ते झाडाकडे बघत उभे राहायचे. तो डिंक म्हणजे झाडाचे रडणे आहे हे आम्हाला कळण्याचे ते वय नव्हते. डिंक्या रोग, मूळकूज, पायकूज अशी त्याची नावे. झाडाची साल जमिनीलगत कुजते, पाने पिवळी पडतात, शेंडे वाळतात, एखाद्या वर्षी झाड फळांनी लदबदून येते आणि पुढच्या वर्षी मरते. मरण्याआधीचा तो शेवटचा बहर शेतकऱ्याला फसवतो.

१९८५ मध्ये नागपुरात लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. २०१४ मध्ये त्याची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था झाली. विदर्भातल्या बागांच्या ऱ्हासामागे फायटोफ्थोराच्या जाती असल्याचे या संस्थेच्या अभ्यासातून पुढे आले. त्यांत निकोटियानी, म्हणजे दस्तुरांचा पॅरासिटिका, आहे. पामिव्होराही आहे, ज्याचे पहिले वर्णन दस्तुरांच्या गुरूंनी, बटलर यांनी केले होते. पुशाच्या प्रयोगशाळेत एकाच छपराखाली अभ्यासलेले दोन जीव शतकानंतर वऱ्हाड-नागपूरच्या बागेत पुन्हा शेजारी सापडले.

रोगाची वाट आपणच मोकळी केली होती. संत्र्याचा डोळा जंभेरीच्या खुंटावर बांधायची इथली पद्धत. जंभेरी जोमदार, पण या रोगाला बळी पडणारी. डोळा जमिनीपासून फार खाली बांधलेला, त्यामुळे कलमाचा सांधा ओल्या मातीला टेकलेला. जमीन भारी काळी. वर मोकाट पाणी, तेही एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्याच्या आळ्यात. पोहणाऱ्या बीजाणूला यापेक्षा चांगला रस्ता कोणी बांधून दिला नसता. म्हणून शिफारशी आल्या त्या प्रथम पद्धतीच्या : रंगपूर लाइमसारखा अधिक सोशीक खुंट, जमिनीपासून वीतभर किंवा त्याहून उंच बांधलेला डोळा, बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे किंवा ठिबक, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर बुंध्याला बोर्डो मलम. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दस्तुरांच्या काळातले औषध थोडे घट्ट करून लावले, इतकेच.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण पुढे तो कामी येणार आहे. फायटोफ्थोराला आपण बुरशी म्हणतो, पण तो खरा बुरशीवर्गीय नाही. त्याचे नाते समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी अधिक जवळचे. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, याच्या भित्तिकेत प्रामुख्याने ग्लुकन आणि सेल्युलोज. खरी बुरशी आपल्या पेशीपटलासाठी एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ बनवते. हा तो बनवीत नाही.

रासायनिक फवाऱ्यांच्या जोडीला बागांत आणखी एक पाहुणा आला : ट्रायकोडर्मा. ही खरी बुरशी आणि इतर बुरश्यांवर जगणारी. १९३२ मध्ये रिचर्ड वाइन्डलिंग यांनी ती दुसऱ्या बुरशीला वेढून खाते हे दाखवले. कॅलिफोर्नियात त्यांनी हे प्रयोग लिंबूवर्गीय रोपांच्या मरीसंबंधात केले, हा योगायोग संत्र्याच्या गावाला आवडावा. आज शेणखतात मिसळून ट्रायकोडर्मा झाडाच्या आळ्यात घालणे विदर्भातल्या शेतकऱ्याला नवे राहिलेले नाही. मात्र तिच्याकडे औषध म्हणून पाहून भागत नाही. ती जिवंत आहे. तिला सेंद्रिय खत, ओल आणि वेळ लागतो. रोगाने बुंधा वेढल्यावर आणलेले पाकीट निरुपयोगी ठरते आणि दोष ट्रायकोडर्माला लागतो.

४

आता थोडे पुण्याकडे जाऊ. फेब्रुवारी १९४४. आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा अखेरच्या आजारात होत्या. पेनिसिलिन तेव्हा युद्धावरच्या सैनिकांसाठी राखून ठेवलेले दुर्मीळ औषध. देवदास गांधींनी ते विमानाने मागवले होते. त्यासाठी वारंवार सुया टोचाव्या लागतील हे कळल्यावर, आता तिला शांतपणे जाऊ द्यावे असे गांधीजींनी मुलाला समजावले. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, त्याच पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य तिला होते. १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. एका बुरशीला मोठमोठ्या टाक्यांत वाढवून औषध काढण्याचा उद्योग महाराष्ट्राच्या मातीत आला.

पिंपरीचे वैशिष्ट्य केवळ उत्पादनात नव्हते. तेथे संशोधन विभाग होता आणि त्याचे नेतृत्व मांड्यम जीर्सन्निधी तिरुमलाचार यांच्याकडे होते. तिरुमलाचार मूळचे वनस्पतिरोगांचे, विशेषतः तांबेऱ्याचे अभ्यासक. म्हणजे दस्तुरांच्याच परंपरेतले. पिकांची बुरशी ओळखणारा माणूस औषधांच्या कारखान्यात गेला, आणि या लेखाच्या आरंभी म्हटलेली दोन दप्तरे काही वर्षे एकाच टेबलावर आली.

या विभागाने मातीतून स्ट्रेप्टोमायसेस जातीचे जिवाणू वेगळे केले. पावसाच्या पहिल्या सरीनंतर जो मृद्गंध येतो तो मुख्यतः याच कुळाचा. १९६० च्या सुमारास त्यातल्या एका जिवाणूपासून बुरशीनाशक प्रतिजैविक मिळाले. जिवाणूला पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना असे नाव दिले गेले. औषधाचे नाव हॅमायसिन. ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ची आद्याक्षरे त्यात आहेत. तोंडातल्या व त्वचेच्या बुरशीसंसर्गांवर ते वापरले गेले आणि त्याच्या चाचण्या अमेरिकेतही झाल्या. काही वर्षांतच दुसरे औषध आले : ऑरिओफंजिन. हे शेतीसाठी. भात, द्राक्ष, सफरचंद, बटाटा यांच्या रोगांबरोबर लिंबूवर्गीय झाडांच्या डिंक्या रोगासाठीही त्याची शिफारस झाली.

हॅमायसिन आणि ऑरिओफंजिन ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने भावंडेच. दोन्ही पॉलिइन गटातली. एक माणसाच्या तोंडासाठी, दुसरे झाडाच्या पानासाठी, आणि दोन्ही एकाच कारखान्यातून. त्या काळात याचे कौतुकच झाले असेल, आणि ते योग्यही होते. मात्र मघाचा बारकावा येथे आठवावा. पॉलिइन औषधे एर्गोस्टेरॉलला पकडून काम करतात. फायटोफ्थोरा ते बनवीत नाही. म्हणून खऱ्या बुरशांवर ज्या जोराने ही औषधे चालतात, त्या जोराची अपेक्षा त्याच्याबाबत करता येत नाही. प्रयोगशाळेत सडक्या मुळातून फायटोफ्थोरा वेगळा काढायचा असला की पोषक माध्यमात मुद्दाम एक पॉलिइन औषध मिसळतात. इतर बुरश्या थांबतात आणि हा तेवढा वाढतो. रोगाला ‘बुरशी’ म्हणून मोकळे होणे किती महागात पडू शकते, याचे याहून स्वच्छ उदाहरण नाही.

पिंपरीचे तिसरे शेतीउपयोगी उत्पादन विदर्भात घराघरांत पोहोचले : स्ट्रेप्टोसायक्लिन. त्यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. कापसावरचा जिवाणूजन्य करपा, लिंबावरचा खैऱ्या यांसाठी त्याची छोटी पुडी कृषी केंद्रात सहज मिळे. स्ट्रेप्टोमायसिन हेच क्षयरोगावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक. ज्या औषधाने क्षयाचे रुग्ण वाचले, तेच पंपात भरून शेतावर उडत होते.

५

आता पुन्हा गांधीबागेत येऊ. २०२१ मध्ये ज्याच्यासाठी धावपळ झाली ते अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हेदेखील पॉलिइन गटातले, हॅमायसिनचे थोरले भावंड. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीच्या संशोधकांनी ते मिळवले. ज्या मातीतून त्याचा जिवाणू निघाला ती व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठची होती. हेही मातीतले स्ट्रेप्टोमायसेसच.

ते काम कसे करते? बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल असते, आपल्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल. अ‍ॅम्फोटेरिसिन पहिल्याला घट्ट पकडते आणि पेशीपटल निकामी करते. दुसऱ्यालाही ते थोडेसे धरते, आणि तेथेच घात होतो. मूत्रपिंडाला इजा होते, थंडी वाजून ताप येतो. हे टाळण्यासाठी औषध स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म कणांत गुंडाळून देण्याची युक्ती निघाली. तेच लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी, दिल्ली विद्यापीठातल्या बच्छावत यांच्या सहकार्याने, असे भारतीय औषध विकसित केले. म्हणजे १९५० च्या दशकातल्या परदेशी औषधाला मराठी मुलखातल्या एका रुग्णालयाने पुढे नेले होते. २०२१ च्या टंचाईत या जुन्या कष्टांची आठवण कोणाला झाली असेल असे वाटत नाही.

त्या मे महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीत अ‍ॅम्फोटेरिसिन-बीची इंजेक्शने तयार होऊ लागली. सात हजार रुपयांच्या घरातली कुपी बाराशे रुपयांत मिळेल, असे त्या वेळी जाहीर झाले. कारखाना नागपूरपासून दोन तासांवर. औषध गावाजवळ आले, पण ते येईपर्यंत कित्येकांचे डोळे आणि जबडे शस्त्रक्रियेत गेले होते.

त्या साथीत सर्वाधिक सापडली ती ऱ्हायझोपस कुळातली बुरशी. पण म्युकोरेल्सच्या भारतीय इतिहासातले एक पान मला विशेष बोलके वाटते. १९७९ मध्ये मिश्रा, श्रीवास्तव आणि लता या अभ्यासकांनी उत्तर भारतातल्या एका आमराईच्या मातीतून अशाच बुरशीचे एक नवे कुल वर्णिले : अ‍ॅपोफिझोमायसेस. तेव्हा ते केवळ वर्गीकरणाचे काम होते. पुढे अपघातात माती भरलेल्या जखमांतून, भाजलेल्या रुग्णांत हीच बुरशी सापडू लागली. आमराईच्या मातीत तिला ओळखणारी माणसे आणि शस्त्रक्रियागृहात तिला भेटणारी माणसे वेगवेगळी होती. त्यांची मासिके वेगळी, परिषदा वेगळ्या, मंत्रालयेही वेगळी.

६

ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने माणसाला धोकादायक ठरणाऱ्या बुरश्यांची पहिली प्राधान्ययादी प्रसिद्ध केली. तीत १९ नावे आहेत. सर्वांत गंभीर गटात चार, आणि त्यांतली एक अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस. ही बुरशी कुजणाऱ्या काडीकचऱ्यात राहते. कंपोस्टचा ढीग उलटला की तिचे बीजाणू हवेत उडतात. दुबळ्या फुप्फुसात त्या बीजाणूंनी घर केले की डॉक्टर अ‍ॅझोल गटातली औषधे देतात. ही औषधे बुरशीला एर्गोस्टेरॉल तयारच करू देत नाहीत.

शेतातही तेच. टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल, प्रॉपिकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल. गावच्या कृषी केंद्राच्या फळीवर ही नावे ओळीने दिसतात. शेतकरी ती पानावरच्या करप्यावर, भुरीवर मारतो. खाली पडलेल्या काडीकचऱ्यात बसलेली अ‍ॅस्परजिलस काही त्याचे लक्ष्य नसते. पण फवारा तिच्यावरही पडतो, मरणाऱ्या मरतात, आणि एखादी तग धरते. नेदरलँड्समध्ये डॉक्टरांना असे रुग्ण भेटू लागले, ज्यांनी पूर्वी कधी अ‍ॅझोल घेतले नव्हते आणि तरीही त्यांच्या फुप्फुसातली बुरशी अ‍ॅझोलला दाद देत नव्हती. प्रतिकार दवाखान्यात तयार झाला नव्हता. तो शेतातून आणि फुलांच्या कंदांच्या वाफ्यांतून आला होता. त्याची जनुकीय खूण ठरावीक आहे. तीच खूण असलेले नमुने २०१२ मध्ये भारतातल्या मातीतही सापडल्याचे दिल्लीच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले.

यावर उत्तर म्हणून नवे औषध शोधले जात आहे. ओलोरोफिम नावाचे एक औषध बुरशीच्या वेगळ्याच विकरावर घाव घालते. अ‍ॅझोलला न जुमानणाऱ्या बुरशीवरही ते चालते. ते रुग्णांपर्यंत पोहोचण्याआधीच, त्याच विकरावर घाव घालणारे इप्फ्लुफेनोक्विन नावाचे बुरशीनाशक अमेरिकेत शेतीसाठी मंजूर झाले. एकाला सरावलेली बुरशी दुसऱ्यालाही दाद देत नाही, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. चूक एकदा झाली तर तिला अज्ञान म्हणता येते. दुसऱ्यांदा होते तेव्हा तिला वेगळे नाव द्यावे लागते.

आपल्याकडे एक पाऊल उलट दिशेने पडले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या मसुदा आदेशात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचा शेतीतला वापर १ जानेवारी २०२४ पासून पूर्ण बंद करण्याचे प्रस्तावित केले. कारण दिले होते प्रतिजैविकांना निर्माण होणाऱ्या प्रतिकाराचे. पिंपरीत एका टेबलावर आलेली दोन दप्तरे पुन्हा एकत्र वाचली जाऊ लागल्याची ही खूण म्हणता येईल. मात्र या वेळी औषध वाटून घेण्याऐवजी राखून ठेवण्यासाठी.

शेतकऱ्याला यात आरोपी करणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. डिंक्या लागलेली बाग वाचवायला धावणाऱ्या माणसाला फुप्फुसातल्या बुरशीची गोष्ट कोणी कधी सांगितलेली नाही. डॉक्टरलाही रुग्णाच्या शेतात काय फवारले जाते हे विचारण्याची सवय नाही. फवारणीची नोंद एका खात्यात, प्रतिकाराची नोंद दुसऱ्या खात्यात. नागपूरसारख्या गावात हे विशेष खटकते. लिंबूवर्गीय फळांची आणि कापसाची केंद्रीय संशोधन संस्था येथे आहे, मोठी सरकारी रुग्णालये येथे आहेत, औषधांची ठोक पेठ येथे आहे. बागेतल्या मातीचा नमुना आणि वॉर्डातल्या रुग्णाचा नमुना एका भिंगाखाली पाहायला या गावात फार लांब जावे लागणार नाही.

७

गेल्या हिवाळ्यात गांधीबागेत काही औषधे घ्यायला गेलो होतो. गल्लीच्या तोंडाशी संत्र्याची हातगाडी उभी होती. विकणाऱ्या बाईने ढिगातून एक संत्रे बाजूला काढून ठेवले होते. त्याच्या सालीवर हिरवट-राखाडी पूड चढली होती. ती पेनिसिलियम कुळातली बुरशी. ज्या बुरशीने पेनिसिलिन दिले, तिचीच चुलत बहीण. बाईंनी ते संत्रे का वेगळे ठेवले, असे मी विचारले. “एकाचं लागलं की सगळ्या ढिगाला लागते ना भाऊ,” त्या म्हणाल्या.

मामांची बाग आता नाही. शेवटची काही वर्षे ते दर जूनमध्ये बादलीत मोरचूद भिजत घालायचे. दुसऱ्या भांड्यात चुना विरवायचे. मग दोन्ही एकत्र ओतून, निळसर मलम ब्रशने झाडाच्या बुंध्याला लावत जायचे. सगळी झाडे वाचली नाहीत. पण ज्या झाडांचा सांधा मातीच्या वर होता आणि ज्यांच्या बुंध्याला पाणी टेकले नव्हते, त्यांतली बरीचशी टिकली. औषधाच्या आधी पाण्याचा रस्ता बदलला पाहिजे, हे मामांना झाडे मोजूनच कळले होते. दस्तुरांचे नाव त्यांनी कधी ऐकले असेल असे मला वाटत नाही.